सूर न सोडणारं यंत्र

देवाच्या दारी गाणं उभं करायचं तर दोन माणसं लागतात. एक गाणारा आणि एक न हलणारा. गाणारा वर जातो, खाली येतो, वळसे घेतो, मध्येच डोळे मिटून हात हवेत धरतो. न हलणारा मात्र आपला एकच आधारसूर धरून खांबासारखा उभा असतो. लोक नाव घेतात गाणाऱ्याचं. न हलणाऱ्याचं नाव निघतं ते फक्त तो हलला की.

पेरिव्होली या ग्रीक बंदरगावात संत मरीनाचं चर्च आहे. तिथला गाणारा होता फोतिस ग्लिनोस आणि न हलणारा होता बार्बा लिआस. बार्बा म्हणजे काका. लिआस हे अख्ख्या गावाचे काका, वय चौऱ्याऐंशी, आवाज बोटीच्या भोंग्यासारखा. फोतिसच्या उजव्या हाताला ते पन्नास वर्षांच्या जुन्या उशीवर बसत आणि तो गायला लागला की त्याच्या गाण्याखाली आपला सूर अंथरत. फोतिस एकतीस वर्षं त्या सुरावरून चालला होता. कधी पाय घसरला नाही.

गेल्या वर्षीपर्यंत. गेल्या वर्षी संत मरीनाच्या सणाला खुद्द बिशप आले होते. बिशपांचा कान असा तयार, की म्हणे शेजारच्या गावातली घंटा अर्ध्या सुरानं उतरलीय हे ते मोटारीच्या बंद काचेतून सांगतात. आणि नेमकी त्याच संध्याकाळी बार्बा लिआस यांना डुलकी लागली. सूर हळूच घसरला आणि त्याच्याबरोबर फोतिसही घसरला. बिशप खोकले. एकदाच. पण फोतिसच्या कानात तो खोकला वर्षभर घुमत राहिला. एकतीस वर्षांत बिशपांच्या तोंडून 'उत्तम' हा शब्द ऐकायचा एवढीच त्या बापड्याची आस, आणि मिळाला काय, तर खोकला!

यंदा जुलैत बिशप पुन्हा येणार असल्याचं कळलं आणि त्याच आठवड्यात फोतिसला यंत्राचा शोध लागला.

यंत्र म्हणजे मोबाइलमधलं एक ॲप. बोट लावलं की त्यातून मठातल्या साधूंच्या आवाजातला आधारसूर निघायचा. न श्वास घेता, न खोकता, तासन्‌तास! फोतिसनं ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला. तो मोबाइल हातात धरून स्वयंपाकघरात धावला.

"एव्दोकिया, ऐक! ऐक हे! हे थकतच नाही!"

त्याची बायको आंबट चेऱ्यांच्या बिया काढत होती. कोपरापर्यंत लाल झालेले हात तिने वर धरले. "थकत नाही ते मीही ऐकतेय. जरा बंद कर, फ्रीज बिघडल्यासारखं वाटतंय."

"अगं, हे साधूंचे आवाज आहेत!"

"मग साधूंना म्हणावं, चार चेऱ्यांच्या बिया काढा."

नव्या गोष्टीचा ध्यास हा ग्लिनोस घराण्याचा वंशपरंपरागत आजारच होता. फोतिसच्या वडिलांनी चर्चमध्ये पहिला लाऊडस्पीकर आणला तेव्हा गावानं सहा महिने त्यांच्याकडे पाठ फिरवली होती. आज तोच लाऊडस्पीकर बंद पडला की तेच गाव म्हणतं, परंपरा बुडाली.

आता अडचण होती बार्बा लिआस यांना सांगायची. फोतिसनं दोन दिवस वाक्यं जुळवली आणि तिसऱ्या दिवशी कॉफीच्या दुकानात त्यांना गाठलं.

"बार्बा लिआस, तुमचं वय झालं. मला वाटतं, आता तुम्ही जरा आराम करावा."

"आराम मेल्यावर," बार्बा म्हणाले. "सरळ बोल."

फोतिस सरळ बोलला. बार्बांनी यंत्र कानाला लावून ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "आवाज चांगला आहे. सण झाल्यावर प्रसादाच्या पावाचा तुकडा मागणार नाही, हेही बरंय." आणि त्याच संध्याकाळी चर्चमधून आपली उशी काखेत मारून घरी घेऊन गेले. पन्नास वर्षांनी ते बाक उघडं पडलं. उशीखालचं लाकूड इतकं गोरं दिसायला लागलं, की तिकडे पाहायची फोतिसला लाज वाटू लागली. त्यानं तिकडे पाहणं सोडलं. उत्साहात असलेल्या माणसाला न पाहायच्या जागा फार लवकर सापडतात.

मग बातमी गावभर झाली. विजेच्या दुकानदारानं सांगितलं, स्पीकर मोठा घ्या, साधू लहान स्पीकरमध्ये गुदमरतात. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं, आधी यंत्रावर तीर्थ शिंपडून घ्या. ते ऐकून दुकानदार म्हणाला, शिंपडा, पण मग बदलून मिळणार नाही. आणि औषधाच्या दुकानात, फोतिस घसा शेकायची पानं घ्यायला गेला असता, मिनास भेटला. मिनास औषधविक्या आणि चर्चमध्ये डाव्या बाजूचा गाणारा. म्हणजे तीस वर्षं उजव्या बाजूकडे डोळा लावून बसलेला.

"चर्चमध्ये वाद्य चालत नाही, फोतिस," मिनास औषधाची पुडी बांधत म्हणाला. "हजार वर्षांचा नियम आहे."

"हे वाद्य कुठंय? हा माणसाचा आवाज आहे."

"जिवंत माणसाचा?"

"साधूंचा!"

"जिवंत साधूंचा? चौकशी केलीस? त्यातला एखादा वारला असेल तर? मेलेल्या माणसाला सुट्टी न देता राबवणार तू?"

एवढं बोलून त्यानं पुडी पुढे सरकवली. फोतिस पुडी न घेताच निघाला आणि घसा दुखतोय हे आठवून परत आला. स्वाभिमान आणि घसा यांत गाणाऱ्याला शेवटी घसाच निवडावा लागतो.

आता हे प्रकरण अर्जावाचून सुटणार नव्हतं. फोतिसला अर्जाचं भय नव्हतं. नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीत त्यानं आयुष्य काढलं होतं. लोकांचे अर्ज परत करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. त्यानं झकास अर्ज लिहिला: 'माणूस थकतो, खोकतो, डुलकी घेतो. यंत्र यांपैकी काहीही करत नाही. सबब परवानगी मिळावी.' तीन प्रती घेऊन तो चर्च समितीच्या सचिव हारिक्लियाबाईंकडे गेला.

हारिक्लियाबाईंनी अर्ज वाचला, चष्मा बदलला, जाडजूड वहीत काहीतरी शोधलं आणि अर्ज परत केला.

"हा घेता येणार नाही. तुमचा अर्ज आधीच निकाली निघालाय."

"आधीच? मी आत्ता आणलाय!"

"हे बघा. 'फोतिस ग्लिनोस, मुख्य गायक, संत मरीना चर्च. विषय: आधारसूर धरणारे यंत्र.' नाव तुमचं, चर्च तुमचं, विषय तुमचा. त्याच विषयावर त्याच माणसाला दुसरा अर्ज करता येत नाही."

"तारीख काय आहे, बाई?"

बाईंनी बोटानं ओळ धरली. "एकोणीसशे चौतीस."

ते आजोबा होते! तिथे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. त्यामुळे गावात एक आड एक पिढी सगळे फोतिस, सगळे मानोलिस, सगळे लिआस. फोतिसनं हे बाईंना समजावलं. तो जन्म-मृत्यूचा अधिकारी, त्यानं स्वतःचा जन्म आणि आजोबांचा मृत्यू दोन्ही सिद्ध करायची तयारी दाखवली.

"कशाला त्रास घेता?" बाई म्हणाल्या. "परवानगी दिलेलीच आहे की. मेलेल्या माणसाची परवानगी रद्द करायची तर मात्र बैठक घ्यावी लागेल, आणि बैठक घेतली की मिनास बोलणार. तुम्हीच फोतिस ग्लिनोस. न्या आणि वाजवा!"

परवानगीला एकच अट होती, तीही बाईंनी मोठ्यानं वाचून दाखवली: 'यंत्राने गायकाच्या मागून जावे. गायकाने यंत्राच्या मागून जाऊ नये.' आणि खाली बारीक अक्षरात: 'यंत्र उजव्या बाकाच्या पेटीत ठेवले आहे.'

उजव्या बाकाच्या पेटीत! ज्या फळीवर तो एकतीस वर्षं उभा राहिला तिच्याखाली! फोतिस अक्षरशः धावत चर्चमध्ये गेला. मागोमाग पुरोहित पापा गेरासिमोस झगा सावरत आले. दोघांनी फळी उचकटली. खालून एक लाकडी खोकं निघालं. त्यात चामड्याचा छोटा भाता, पितळेची एकच पट्टी आणि एक पान. आजोबांचं अक्षर, आजोबांची जुन्या वळणाची भाषा:

'आज मी असे यंत्र सिद्ध केले आहे की यापुढे सूर धरण्यास मनुष्याची गरज उरणार नाही. मनुष्य झोपतो, खोकतो, रुसतो. यंत्र यांपैकी काहीही करीत नाही. कित्येकजण यास वाद्य म्हणतात. परंतु ज्यातून एकच सूर निघतो त्यास वाद्य कसे म्हणावे?'

फोतिसच्या डोळ्यांत पाणी आलं. नव्वद वर्षांपूर्वीचे आजोबा त्याचाच अर्ज लिहून बसले होते, जवळजवळ शब्दाला शब्द!

"पापा, हा आशीर्वाद आहे! आजोबांचा आशीर्वाद!"

पापा गेरासिमोस यांनी पान उलटसुलट केलं. "खाली सही नाही रे."

"विनय, पापा! मोठ्या माणसांचा विनय!"

मग काय विचारता! फोतिस जमिनीवर नव्हताच. ज्याला त्याला ते पान दाखवत सुटला, औषधाच्या दुकानात तर दोनदा. आणि आजोबांच्या अटीचा मान म्हणून त्यानं ॲपमध्ये शोधून शोधून एक बटण दाबलं: 'अनुसरण'. ते दाबलं की यंत्र कान देऊन ऐकायचं आणि जो आवाज सगळ्यात ठळक असेल त्याच्या मागोमाग आपला सूर जुळवायचं. गायकाच्या मागून जायचं! अटीत तंतोतंत बसलं. घरी सराव करताना एकदा एव्दोकियानं मिक्सर लावला, तर साधूंनी बिनबोभाट मिक्सरचा सूर धरला.

"पाहिलंस? किती आज्ञाधारक!" फोतिस म्हणाला.

"आज्ञाधारक कसला, उंडगा आहे," एव्दोकिया म्हणाली. "जो मोठ्यानं बोलेल त्याच्या मागे जाणारा. माझा धाकटा भाऊ असाच होता."

सणाची संध्याकाळ उजाडली, म्हणजे संध्याकाळ जशी उजाडते तशी. अंगण माणसांनी फुलून गेलं. गर्दी चर्चमध्ये मावेना म्हणून प्रार्थना दरवर्षीसारखी बाहेर पाइनच्या झाडांखाली होती. मधे टेबलावर पाच गोल पाव, तेल, द्राक्षरस. समोर आसनावर बिशप. उजवीकडे फोतिस, नव्या पांढऱ्या सदऱ्यात. त्याच्या गाण्याच्या चौरंगावर मोबाइल आणि विजेच्या दुकानातला सगळ्यात मोठा स्पीकर, त्यावर तीर्थाचे तीन थेंब. पार मागे, भिंतीला टेकून, आपल्या उशीवर बार्बा लिआस. फोतिसनं एकदा तिकडे पाहिलं आणि लगेच स्पीकरकडे पाहिलं.

सुरुवात काय सुंदर झाली! साधूंचा सूर अंगणभर पसरला, गुळगुळीत, अखंड, पहाटेच्या समुद्रासारखा. फोतिसनं त्यावर पाऊल ठेवलं. पहिली ओळ, दुसरी ओळ. बिशपांनी मान किंचित तिरकी केली. डावीकडे मिनासचं तोंड औषध प्यायल्यासारखं झालं. 'उत्तम' हा शब्द आता हातभर अंतरावर होता.

आणि पाइनच्या झाडांवर रातकिडे सुरू झाले.

जुलैतले ते किडे. ग्रीक माणसाला ते ऐकूच येत नाहीत. जन्मापासून ते कानात बसलेले. एकानं आरंभ केला की अख्खं झाड कर्रर्र करून पेटतं. फोतिसलाही ते ऐकू आले नाहीत. पण यंत्र ग्रीक नव्हतं. यंत्राला ते ऐकू आले. अंगणात सगळ्यात ठळक आवाज आता त्यांचा होता आणि आज्ञाधारक साधू निमूटपणे किड्यांच्या मागे निघाले. वर.

इथे शहाण्या माणसानं काय करावं? सूर सोडावा. पण गाणाऱ्याचा एकच धर्म असतो: आधारसूर चढला तर आपण चढायचं, उतरला तर उतरायचं, पण त्याचा हात सोडायचा नाही. एकतीस वर्षांची ती शिस्त! सूर एक पायरी चढला, फोतिस एक पायरी चढला. सूर आणखी चढला, फोतिसही. मानेच्या शिरा टरारल्या. मग टाचा उचलल्या गेल्या. भुवया कपाळावरून केसांत शिरल्या.

"अगं बाई, फोतिसला कुणी चिमटा काढला का?" मागून एकीनं विचारलं.

"शू! नवीन पद्धत असेल. यंत्राची."

"बंद कर ते!" पापा गेरासिमोस ओठांच्या कडेनं फुसफुसले. पण बंद करायला थांबावं लागतं, आणि बिशपांसमोर ओळीच्या मध्ये थांबायचं म्हणजे पुलाच्या मध्ये उतरायचं. फोतिसचा आवाज आता कोंबडीच्या पिलासारखा झाला होता. पुढची पायरी नव्हतीच. पुढे नुसतं आकाश होतं.

तेवढ्यात भिंतीपासून भोंगा वाजला.

खालचा, जाडा, खरखरीत सूर. जिथून गाणं निघालं होतं नेमका तिथला. बार्बा लिआस उशीवरून उठलेसुद्धा नव्हते. डोळे मिटून बसल्या जागी त्यांनी तो धरला होता. फोतिसला तो ऐकू आला आणि माडीवर अडकलेल्या माणसाला शिडी लावावी तसं झालं. एकेक पायरी, एकेक पायरी करत तो खाली आला. बार्बांच्या शेजारच्या म्हाताऱ्यांनी त्यांच्या सुरात सूर मिसळला, मग बायकांनी, मग मिनासनंही. त्याच्यानं राहवलं नसावं, कितीही झालं तरी तो गाणारा. सगळं अंगण एका सुरावर उभं राहिलं. आणि स्पीकर? आता सगळ्यात ठळक आवाज बार्बांचा होता. साधूंनी किड्यांना सोडलं आणि विनातक्रार बार्बा लिआस यांच्या मागे येऊन उभे राहिले.

फोतिस गायला. असा तो पूर्वी कधी गायला नव्हता. लाज, घाम आणि आनंद एकाच गळ्यातून येत होते.

पाव वाटून झाल्यावर बिशपांनी त्याला जवळ बोलावलं. फोतिस मान खाली घालून उभा राहिला.

"मधे तुम्ही इतके वर गेलात," बिशप म्हणाले, "मला वाटलं आमच्यादेखतच स्वर्गात पोहोचता."

"क्षमा असावी, स्वामी."

"ते अनुसरणाचं बटण बंद ठेवत जा. माझ्याकडेही हेच आहे. माझं एकदा व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे गेलं होतं." मग म्हणाले, "पण नंतरचं... उत्तम! आणि तो सूर धरणारा कोण? त्याला भेटवा मला."

फोतिस वळला. भिंतीपाशी कुणी नव्हतं. बार्बा लिआस पावाचा तुकडाही न घेता उशीसकट निघून गेले होते.

मिळालेलं 'उत्तम' दुसऱ्याच्या पत्त्यावरचं होतं हे फोतिसला त्या क्षणी कळलं. बरं, ते परत करायला अर्जही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्पीकर उचलला आणि आजोबांच्या खोक्यात, भात्याशेजारी ठेवायला नेला. जागा करण्यासाठी भाता उचलला, तर त्याच्या तळाशी चिकटलेलं दुसरं पान. हे मात्र सहीचं. तारीख पहिल्या पानानंतर तीन आठवड्यांची, सणाच्या दुसऱ्या दिवसाची.

'कालचा वृत्तांत. भर प्रार्थनेत कळले की भात्याचे चामडे उंदराने कुरतडले आहे. हवा गळू लागली तसा सूर खाली खाली गेला. मीही गेलो, कारण आमच्या घराण्यात आधारसूर सोडण्याची रीत नाही. पाताळ दिसू लागले तेव्हा शेवटच्या रांगेतून लिआसने सूर धरला. मी त्यास तीन आठवड्यांपूर्वी घरी बसवले होते. आज त्याच्याकडे स्वतः जाणार आहे. त्यास आंबट चेरीचा मुरंबा आवडतो. फोतिस ग्लिनोस.'

लिआस! बार्बांचे आजोबा!

फोतिसनं पान दोनदा वाचलं. मग तडक घरी जाऊन एव्दोकियाच्या नव्या मुरंब्याची बरणी उचलली. तिनं विचारलं, "कुणाला?" त्यानं पान पुढे केलं. तिनं वाचलं, बरणीवर स्वच्छ फडकं बांधून दिलं आणि म्हणाली, "जा. आणि तिथे भाषण करू नकोस."

बार्बा लिआस दारातच खुर्ची टाकून बसले होते. फोतिसनं बरणी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि खरंच भाषण केलं नाही.

बार्बांनी फडकं सोडलं, बोट बुडवून चाटलं, विचार केला. "चेरी यंदाची आहे. चांगली आहे." मग त्याच्या हातामागे पाहिलं. "दुसरी कुठंय?"

"दुसरी काय?"

"बरणी. तुझ्या आजोबांनी माझ्या आजोबांना दोन दिल्या होत्या."

"म्हणजे... तुम्हाला हे सगळं माहीत होतं? भाता, उंदीर, सगळं?"

"आमच्या घरात दर नाताळला सांगायचे."

"मग बोलला का नाहीत, बार्बा?"

"बोललो असतो तर," बार्बा दुसऱ्यांदा बोट बुडवत म्हणाले, "मुरंबा आला असता का?"

त्या संध्याकाळच्या प्रार्थनेला उशी आपल्या जागी परत आली. स्पीकर भात्याशेजारी पेटीत गेला, आजोबांची दोन्ही पानं एकत्र शिवून वर ठेवली गेली. फळी ठोकून बंद करण्याआधी फोतिसनं तिसरं पान लिहिलं. त्याच्या मुलाला महिन्यापूर्वीच मुलगा झाला होता आणि त्याचं नाव, रीतीप्रमाणे, फोतिस ठेवलं होतं.

खूप काही लिहायचं मनात होतं. यंत्राबद्दल, माणसाबद्दल, सुराबद्दल. पण पोराचं रक्त कुठलं हे त्याला ठाऊक होतं; वाचून थांबणाऱ्यांतलं ते नव्हे. म्हणून त्यानं एवढंच लिहिलं आणि खाली ठसठशीत सही केली:

'बाळ फोतिस, जाताना दोन बरण्या ने.'